हद्दीबाहेरचे लव्हाळे

लव्हाळे कापताना डाव्या हाताने जुडगा घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने पाण्याखालून विळा ओढायचा. वीस वर्षं हेच करत आलेल्या भाऊचा विळा एके सकाळी घसरला आणि डाव्या तळव्यात खोल उतरला. डॉक्टरने सात टाके घातले आणि हात महिनाभर पाण्यात घालायचा नाही म्हणून बजावलं.

भाऊ चटया विणायचा. लव्हाळे कापायचा हंगाम असतो महिनाभराचा. तो हुकला की वर्ष हुकलं. घरात त्याच्याखेरीज दोघीच. एक त्याची बायको, पदरी सात महिन्यांचं तान्हं. दुसरी त्याची थोरली बहीण, अक्का. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, त्याला नऊ वर्षं झाली. तिचा आवाज असा, की ती आपल्या दारात बोलली तर तीन दारांपलीकडचा म्हातारा "ओ" द्यायचा.

"तू पोर सांभाळ," अक्का भावाला म्हणाली. "आम्ही जातो कापायला. आजवर तू कापलेस ते काय मिशीच्या जोरावर कापलेस?"

त्या वर्षी पाऊस कमी. तळं निम्म्याच्याही खाली गेलेलं. अलीकडच्या काठचे लव्हाळे वाळून पिवळे पडले होते. हिरवे, उंच, चटईलायक लव्हाळे उरले होते ते फक्त पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या कडेकडेने. नणंद-भावजय पहाटे तराफ्यावरून पलीकडे जायच्या आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कापायच्या. पोटऱ्यांना जळवा चिकटायच्या, त्यांच्यावर मीठ चोळायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. दुपारी भावजय एकटीच तराफा हाकत घरी यायची, बाळाला पाजायची आणि परत जायची. भारे बांधून काठावर निथळत उभे करून ठेवले होते. चार दिवसांत साठ भारे झाले.

चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावचा प्रमुख चार माणसं घेऊन आला.

"कुणाला विचारून कापलेत?"

"दरवर्षीच कापतो," अक्का पाण्यातूनच म्हणाली.

"दरवर्षी तुमच्या बाजूला कापता. ही जमीन माझ्या गावाची. पाणी होतं तोवर तळं. पाणी हटलं, आता काठच्या पाण्यासकट गावाची जमीन."

त्याच्या माणसांनी साठच्या साठ भारे गाडीत भरले. विळे घेतले. तराफा ओढून वर काढला. प्रमुखाने तिथेच उभ्या उभ्या न्यायनिवाडाही केला. चोरीची शिक्षा म्हणून दोघींनी गावाच्या बांधावर दहा दिवस माती वाहायची. दहा दिवस पुरे झाले की माल परत.

"दहा दिवसांत लव्हाळे कुजतील हो," भावजय म्हणाली. "ओले आहेत. पसरले नाहीत तर काळे पडतात."

"मग जरा भराभर वाहा," प्रमुख म्हणाला, आणि त्याची माणसं हसली.

भारे त्याच्या कोठारात गेले, दाराला कुलूप लागलं. दोघी तळ्याला वळसा घालून पायी घरी आल्या. तो वळसा दीड तासाचा. घरी पोचेपर्यंत भावजयेची चोळी दुधाने भिजून पोटाला चिकटली होती. भाऊने रडून लाल झालेलं बाळ तिच्या हातात दिलं. दोघींच्या हातात विळे नव्हते, ते त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बांधावर हजर झाल्या. दुसरं करणार काय! माती चिकट होती, घमेल्यातून सुटायची नाही. डोक्यावरून आपटायची, घमेलं खरवडायचं, पुन्हा खाली उतरायचं. प्रमुखाचा मुकादम छत्रीखाली बसून खेपा मोजत होता. दुपार कलली तशी भावजयेची छाती दगडासारखी ताठली. थोड्या वेळाने पुढचं सगळं ओलं झालं. मुकादमाने शेजारच्याला कोपराने डिवचलं आणि काहीतरी बोलून दात काढले. अक्काने डोक्याचं फडकं सोडून भावजयेच्या अंगावर टाकलं आणि स्वतः उघड्या डोक्याने घमेलं उचललं.

"वन्सं, ऊन लागेल तुम्हाला."

"लागू दे. माझं डोकं तापलेलंच आहे."

तेवढ्यात बांधाच्या टोकाला भाऊ दिसला. बाळाला छातीशी बांधून, दुखरा हात वर धरून तळ्याला वळसा घालत आला होता. मुकादम म्हणाला, कामात खंड चालणार नाही. अक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तिच्या खेपा मी करते. मोज." आणि भावजय झाडाआड बसून बाळाला पाजेपर्यंत अक्काने खरंच दोघींच्या खेपा केल्या. त्या संध्याकाळी तिला मान वळवता येत नव्हती. भावजयेने तेल कोमट करून तिची मान चोळली. नऊ वर्षं एका चुलीवर काढून दोघी एकमेकींशी मायेने बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत, पण तेल चोळणं बराच वेळ चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ्याचं पाणी मोजायच्या पट्टीजवळ एक माणूस वाकलेला दिसला. त्याला दोन्ही गावं 'फूटपट्टी' म्हणत. पाटबंधाऱ्याच्या खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. दर आठवड्याला यायचा, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि जायचा. कुणी काही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "मला तो अधिकार नाही." पोरंसुद्धा त्याच्यामागे हेच ओरडत पळायची.

अक्का घमेलं टाकून सरळ त्याच्याकडे गेली. सगळं सांगितलं.

"मला तो अधिकार नाही," फूटपट्टी म्हणाला.

"माहीत आहे. मी अधिकार मागतच नाही. एवढंच सांगा, तळं कुठं संपतं?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसावा. मग त्याने बोट वर केलं. लांब, बांधाच्याही अलीकडे, गवतात अर्धे बुडालेले चुना लावलेले दगड रांगेने दिसत होते.

"तळं भरलं की पाणी तिथवर येतं. त्या दगडांच्या आत सगळं तळं."

"पण आता पाणी नाही तिथं."

"पाणी आटलं म्हणून तळं आटत नाही, बाई."

अक्काने पुन्हा दगडांकडे पाहिलं. "मग प्रमुखाची हद्द?"

"दगडापर्यंत. त्याच्या आत त्यांची नाही. त्यांना जाऊन सांगायचा मात्र मला..."

"अधिकार नाही."

"हो. पण कुणी लेखी विचारलं, तर लेखी उत्तर देणं माझं काम आहे."

भाऊ चौथीपर्यंत शिकलेला. त्याने दिवेलागणीला एका हाताने कागद धरायची सर्कस करत अर्ज लिहिला. अक्का सांगत होती, तो लिहीत होता, आणि तिच्या सांगण्यातल्या शिव्या तेवढ्या गाळत होता.

सकाळी दोघी बांधावर गेल्याच नाहीत. बाळाला घेऊन तळ्याचं पाणी सोडायच्या दारापाशी फूटपट्टीची खोली होती तिथे गेल्या. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"उत्तराला सात दिवसांची मुदत आहे," तो म्हणाला. भावजयेचा चेहरा पडला. त्याने तिच्याकडे पाहिलं, झोपलेल्या बाळाकडे पाहिलं, आणि शाईची बाटली पुढे ओढली. "सातवा दिवसच लागला पाहिजे, असं काही नाही."

लिहायला त्याला तासभर लागला. पाण्याची उंची, तारीख, दगडांची संख्या, लव्हाळे कापले ती जागा दगडांपासून किती आत. तो स्वतः पावलं मोजून आला होता. कालच, घरी जाताना. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी शिक्का मारून त्याने कागद फुंकून वाळवला.

"यात तुमच्या बाजूने एक शब्द नाही," तो म्हणाला. "नुसते आकडे आहेत."

"पुष्कळ झालं," भावजय म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तिथून त्या आपल्या बाजूच्या पोलीस चौकीत गेल्या. हवालदार पेपर वाचत होता. "तळं आमच्या हद्दीत नाही. पलीकडच्या चौकीत जा." मग पुन्हा दीड तासाचा वळसा. पलीकडच्या चौकीतला जमादार वयस्कर होता, मिशा पांढऱ्या. त्याने अर्ज वाचला आणि मान हलवली.

"गाव आमचं आहे. पण तळं आमच्या हद्दीत नाही."

चालून चालून अक्काच्या टाचा फुटल्या होत्या. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिचा आवाज सुटला. "अलीकडचे म्हणतात आमची हद्द नाही. पलीकडचे म्हणतात आमची हद्द नाही. टोप्या घातलेल्या सगळ्यांची हद्द संपली, आणि बिनटोपीच्या त्या बाबाची हद्द तेवढी तळ्यात शिरली? जिथं तुम्हाला पाय टाकता येत नाही, तिथं त्याला चोर पकडता येतो?"

चौकीतले दोन शिपाई हसले. जमादारही हसला, पण मध्येच थांबला. मिशीवरून बोट फिरवत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"बाई, पुन्हा बोला."

"काय बोलू? कानात बोळे आहेत?"

"नाही नाही. ते शेवटचं."

तिने पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी मोठ्याने. जमादाराने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि अर्जाच्या पाठीवर मारला: हद्दीबाहेर.

अक्का उठलीच. "हे काय? एवढं ऐकून पुन्हा हेच?"

"ऐका. हा शिक्का तुमच्या विरुद्ध नाही. तुमच्या कामाचा आहे. अलीकडच्या चौकीचाही असाच आणायचा. तळ्यात ना त्यांचा अधिकार, ना आमचा, हे कागदावर आलं की त्या प्रमुखाला विचारता येतं, तुझा कुठून आला म्हणून. मी नाही विचारू शकत. तालुक्याला मॅजिस्ट्रेट बाई आहेत, त्या विचारतील. उद्या बसतात त्या."

त्याने चहा मागवला. बाळाला रडू आलं तशी शिपायांना बाहेर काढून भावजयेला आतली खोली दिली. अलीकडच्या शिक्क्यासाठी त्यांनी पुन्हा वळसा घालू नये म्हणून त्याने स्वतः सायकल काढली, तिथल्या हवालदाराला पेपरातून डोकं वर काढायला लावलं आणि शिक्का मारून आणला. परत आला तेव्हा घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तुम्हाला कशाला त्रास, दादा," अक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"त्रास कसला. रोज नाही म्हणून म्हणून कंटाळा येतो माणसाला."

सकाळी त्याने पहिल्या बसच्या ड्रायव्हरला सांगून त्यांना कोर्टाच्या दारात उतरवायची सोय केली.

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, बाकं, वर करकरणारा पंखा. मॅजिस्ट्रेट बाई पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, सर्दी झालेली. सारखा रुमाल नाकाला. त्यांनी अर्ज वाचला, दोन्ही शिक्के पाहिले, फूटपट्टीचा कागद सावकाश वाचला.

"हे कुणी लिहिलंय?"

"पट्टी वाचणाऱ्याने," भावजय म्हणाली.

"छान लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आता नीट ऐका. लव्हाळे कुणाचे, ते कापायचा हक्क कुणाला, हे मी ठरवू शकत नाही. ते पाटबंधारे खात्याने सांगायचं. माझ्या अधिकारात नाही."

अक्काने डोळे मिटले. तेच शब्द. तीन दिवस, दोन चौक्या, बारा कोसांची चाल आणि शेवटी तेच शब्द. भावजयेने तिचा हात धरला.

बाईंनी नाक पुसलं. "कोठार कुठे आहे?"

"काय?"

"तुमचे भारे ज्या कोठारात ठेवलेत, ते कुठे आहे? तळ्यात?"

"नाही. त्याच्या गावात. वाण्याच्या दुकानाला लागून."

"आणि माती वाहायला लावली तो बांध?"

"दगडांच्या वर. गावातच."

"मग ते माझ्या हद्दीत आहे," बाई म्हणाल्या.

भावजय नंतर म्हणायची, आयुष्यात पुष्कळ गोड बोलणं ऐकलं, पण 'माझ्या हद्दीत आहे' यासारखं गोड काही ऐकलं नाही. तिला तिथेच रडू फुटलं. बाळही जागं होऊन तिच्या सुरात सूर मिसळायला लागलं. कारकुनाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

"तळ्यात कुणी चोरी केली असं प्रमुखाला वाटलं, तर त्याने तक्रार करायची," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "माल कुलपात घालायचा, शिक्षा सांगायची, लोकांना राबवून घ्यायचं, हे त्याचं काम नाही. कोर्टाचा बेलिफ उद्या सकाळी कोठार उघडेल. प्रमुखाला पुढच्या आठवड्यात इथे हजर राहायची नोटीस. अजून काही?"

"आहे," अक्का म्हणाली. "त्यालाही दोन दिवस माती वाहायला लावा. माझ्यासमोर. खेपा मी मोजते."

बाई हसल्या, त्यातच त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "तो अधिकार मला नाही."

"तुम्हालाही नाही?"

"कुणालाच नाही. म्हणून तर तुम्ही सुटताय."

बसमध्ये परतताना अक्का खिडकीशी बसली. मग म्हणाली, "बाईचं खरं आहे. तिला तो अधिकार असता, तर उद्या त्यालाही मिळाला असता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण मला खेपा मोजायला आवडल्या असत्या."

सकाळी बेलिफ आला, सोबत पांढऱ्या मिशांचा जमादार. प्रमुख कोठाराच्या दारात आडवा उभा. "माझ्या गावात माझ्या कुलपाला हात लावणारे तुम्ही कोण?"

बेलिफ किडकिडीत होता, आवाजही बारीक. त्याने कागद सगळा वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. दुकानाच्या पायरीवर गाव गोळा झालं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मी कुणीच नाही, साहेब. मी हा कागद आहे. किल्ली द्या."

प्रमुखाने जमादाराकडे पाहिलं. जमादार म्हणाला, "कोठार आमच्या हद्दीत आहे." किल्ली आली.

आत भपकारा होता. वरचे भारे उचलले तेव्हा हिरवे होते. खालचे हात लावताच बोटांना काळी बुरशी लागली. साठांतले बावीस गेले. भाऊने एका हाताने एकेक भारा चाचपला, सडके बाजूला काढले आणि अडतीस मोजून मान हलवली. "भागेल," म्हणाला. विळे मिळाले, तराफा मिळाला. गाडीत भारे चढवायला त्याच गावातली तीन माणसं आपणहून पुढे आली. बांधावर खेपा मोजणारा मुकादम त्यांत होता. त्याने भावजयेकडे पाहायचं टाळलं, पण सगळ्यात जड भारे त्यानेच उचलले.

कोर्टात प्रमुखाने लिहून दिलं, की यापुढे दगडांच्या आत आपण कुणाला अडवणार नाही आणि अडचण आलीच तर तक्रार करू. त्याला समज मिळाली. तुरुंग नाही, काही नाही. अक्का दोन दिवस कुरकुरली. तिसऱ्या दिवशी लव्हाळे सोलताना तिने तो विषय काढला नाही, पुढेही कधी नाही.

पंधरा दिवसांनी फूटपट्टी त्यांच्या घरी आला. खात्याचं पत्र होतं: तळ्याच्या हद्दीच्या दगडांच्या आत हाताने लव्हाळे कापायला मनाई नाही. पत्र मिळाल्याची सही घ्यायची होती. पोस्टाने आलं असतं, पण तो म्हणाला, पोस्ट आठ दिवस लावतं, आणि हंगामाचे आठच दिवस उरलेत. उन्हातून चालत आला होता. बूट धुळीने पांढरे झाले होते.

भाऊने सही केली. अक्का आत गेली आणि एक चटई घेऊन आली. अडतीस भाऱ्यांतल्या निवडक काड्यांची, दुहेरी कडेची. विणली भावजयेने, आणि भाऊने शेजारी बसून चुका काढल्या होत्या.

"ही तुमची," अक्का म्हणाली.

फूटपट्टीने हात मागे घेतले. "मला घेता येत नाही. नोकरीत आहे."

"लाच नाही हो ही."

"माहीत आहे. तरी नाही."

"तुमचे उपकार आहेत आमच्यावर," भावजय म्हणाली.

"उपकार कसले. मी आकडा लिहिला."

"तोच तर कुणी लिहीत नव्हतं."

अक्काने चटई त्याच्या पायापाशी अंथरली, कडा हाताने सारख्या केल्या. "नका घेऊ. घरी नेऊ नका. पण बसा तरी. माणूस उन्हातून आलाय."

मग वाकून त्याने बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता, तो त्याने लाजून दुमडला. चटईवर बसला. भावजयेने पाणी दिलं, ते एका दमात प्यायला. बाळ रांगत आलं आणि त्याच्या खिशातली पेन्सिल ओढायला लागलं. त्याने ओढू दिली. चटई नवी होती, गार होती, तिला अजून तळ्याचा वास येत होता. भिंतीला पाठ टेकून तो सुनेच्या बाळंतपणाबद्दल काहीतरी सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचे डोळे मिटले.

भाऊ काही विचारायला तोंड उघडणार तोच अक्काने त्याला हाताने थांबवलं.

"हळू," ती कुजबुजली. "झोपलाय बिचारा."

तिने बाळाला उचललं, पेन्सिल त्याच्या मुठीतून सोडवून झोपलेल्या माणसाच्या वहीवर ठेवली, आणि तिघंही लव्हाळे घेऊन बाहेर झाडाच्या सावलीत सोलायला बसली.